संहितेत नसलेला हात

"रक्तदाब वाढवायचं औषध. दहा," बाई म्हणाल्या आणि मागे न पाहता उजवा हात पुढे केला.

टेबलावरच्या रोग्याचा रक्तदाब घसरत चालला होता. बाई भूल देणाऱ्या डॉक्टर, त्या रोग्याच्या डोक्यापाशी उभ्या होत्या. औषधांच्या ट्रॉलीपाशी सिस्टर होत्या आणि पायथ्याशी एक ब्रदर. सिस्टरनी एकदा मॉनिटरकडे पाहिलं, एकदा हातातल्या सिरिंजकडे. हे औषध एक मिलिलिटर देतात, तेही बेताबेताने. दहा म्हणजे दहापट. सिस्टरना हे माहीत होतं, ब्रदरना माहीत होतं, आणि भिंतीवरचा तक्ता वाचता येणाऱ्या कुणालाही कळलं असतं. सिस्टरनी दहा भरलं आणि सिरिंज बाईंच्या हातावर ठेवली.

बाईंनी औषध दिलं. मॉनिटरवरच्या रेषा उधळल्या, घंटी वाजायला लागली, आणि काचेपलीकडच्या खोलीतून तंत्रज्ञ मुलीचा आवाज स्पीकरवर आला, "मामा गेले. थांबूया आता."

मामा म्हणजे टेबलावरचा रबरी पुतळा. त्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, बुबुळांवर उजेड टाकला की ती बारीक होतात. काचेमागून ती मुलगी माइकवर कण्हली की पुतळाच कण्हतोय असं वाटतं. प्रत्येक नवी तुकडी पहिल्या दिवशी हमखास फसायची, म्हणून पुतळ्याला कुणीतरी हे नाव दिलं होतं. मामा या केंद्रात इतक्या वेळा गेले होते की त्यांच्यासाठी आता कुणी हळहळत नसे. बाई तर मनातून खूष झाल्या. ही चौथी तुकडी, आणि चौथ्यांदाही 'अहो, दहा जास्त होतंय' असं म्हणायला कुणाची जीभ उचलली नव्हती. जे त्यांना दाखवायचं होतं ते आयतंच दिसत होतं.

बाई एका मोठ्या रुग्णालयातल्या ज्येष्ठ भूलतज्ज्ञ. हात सोन्याचा आणि जीभ मिरचीची. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात पाठीमागे त्यांना 'फौजदार' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. खोट्या रोग्यावर खऱ्या चुका करू देऊन डॉक्टर-नर्सना कसं शिकवायचं, याची वर्षभराची फेलोशिप त्यांनी धरली, ती आपल्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे या खात्रीने. पहिल्याच दिवशी केंद्राच्या प्रमुखांनी सांगितलं की इथे सांगायचं नसतं, विचारायचं असतं. बाईंनी मान डोलावली आणि ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

हे प्रमुख एके काळचे मुलांचे डॉक्टर. किरकोळ अंगाचे, मऊ बोलणारे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना वेळ विचारली तर 'तुम्हाला किती वाजल्यासारखं वाटतंय?' असं तेच विचारतील, अशी त्यांची ख्याती होती. फेलोशिपमधल्या प्रत्येकाने आपला एक प्रसंग लिहायचा, तो पुतळ्यावर घडवून आणायचा आणि नंतर त्यावरची चर्चा स्वतः चालवायची, अशी इथली रीत. बाईंनी विषय निवडला होता: वरिष्ठ चुकतोय हे दिसत असताना हाताखालची माणसं बोलतात का? यासाठी त्यांनी आपल्याच रुग्णालयातल्या सिस्टर-ब्रदरांच्या तुकड्या बोलावल्या. चुकणाऱ्या वरिष्ठाचं कामही स्वतःकडे घेतलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नीट जमणार नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. हे ऐकताना तंत्रज्ञ मुलगी खाली वाकून मामांच्या वायरी तपासत राहिली, ती बराच वेळ वर आलीच नाही.

प्रसंग संपला की सगळ्यांनी शेजारच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसायचं. खरं शिकणं तिथे होतं, असं मास्तर मानत. बाई बसल्या आणि पहिलाच प्रश्न त्यांनी सिस्टरना विचारला.

"दहा का भरलंत?"

सिस्टर म्हणाल्या की चूक झाली मॅडम. ब्रदर म्हणाले की मॅडमनी सांगितलं म्हणून. यानंतर कुणी काही बोललं नाही, म्हणून मग बाईच बोलल्या. औषधाची मात्रा बोलल्या, वरिष्ठाला अडवायचं असेल तर कुठले शब्द वापरावेत ते बोलल्या, रोग्याच्या जिवापुढे कुणाचा मान मोठा नसतो हेही बोलल्या, आणि बोलताना त्यांना स्वतःचंच मनापासून पटत होतं. समोरच्या माना वेळेवर हलत होत्या. शेवटी काही शंका आहेत का असं विचारल्यावर कुणालाच काही शंका नव्हती, आणि सगळे पाय न वाजवता निघून गेले.

मास्तर मागच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले होते. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी विचारलं, "या चर्चेत बोललं कोण?"

"मीच," बाई म्हणाल्या. "ते बोलत नाहीत, हाच तर माझा विषय आहे."

मास्तर यावर हसले नाहीत की रागावले नाहीत. मधल्या मूल्यमापनात तुम्हाला पास करता येणार नाही, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. वर्षअखेरीला आणखी एक संधी असते. बाईंना पहिलीपासून आजवर कुणी नापास केलं नव्हतं. कानशिलं तापली. त्यांनी आपल्या बाजूने चार मुद्दे मांडले आणि मास्तरांनी ते चारही शांतपणे ऐकून घेतले. निघताना मात्र त्यांनी एक सुचवलं. आजचं चित्रीकरण एकदा बघा, म्हणाले, पण आवाज बंद करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई काचेमागच्या खोलीत जाऊन बसल्या. तंत्रज्ञ मुलीने चित्रीकरण लावून दिलं आणि स्वतः डबा उघडून जेवायला बसली. पडद्यावर स्वतःला पाहताना बाईंना सगळ्यांत आधी दिसलं ते हे की पाठमोऱ्या आपण हुबेहूब आपल्या आईसारख्या दिसतो, आणि याचं त्यांना जरा वाईट वाटलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दहाची वेळ अजून यायची होती. मामांचा रक्तदाब तेव्हा ठीक होता. सिस्टर ट्रॉलीपासून अर्धं पाऊल पुढे आल्या, त्यांची मास्कमागची हनुवटी हलली. पडद्यावरच्या बाईंनी मान वळवली नाही. त्यांचा डावा हात तेवढा वर आला. पंजा उभा, बोटं जुळलेली. सिस्टर अर्धं पाऊल मागे गेल्या, आणि नंतर शेवटपर्यंत पुढे आल्या नाहीत.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

मुलीने पुन्हा लावलं. मग बाईंनी आधीच्या तुकड्याही लावायला सांगितल्या. पहिलीत ब्रदर काही बोलायला गेले होते, तेव्हा हात वर आला होता. दुसरीत दोनदा आला होता. तिसरीत तर कुणी बोलायच्या आधीच तो वर होता. बाईंना आपली संहिता पाठ होती. त्यात लिहिलं होतं की वरिष्ठ डॉक्टर घाईत आहेत आणि चुकीची मात्रा सांगतात. हाताबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

"हा हात कुठून आला?" त्यांनी विचारलं.

"तो तुमचाच आहे, मॅडम," मुलगी घास गिळून म्हणाली. "मला वाटलं, मुद्दाम घातलाय. फार छान जमत होता."

काचेमागे बसणाऱ्यांना कुणाची फारशी भीती नसते. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच तो अभिनय वाटला होता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाईंनी डावा हात वर करून नवऱ्याला विचारलं, मी असं करते का रे? नवरा काही बोलायच्या आत त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी ताटावर वाकून हसायला लागली.

"सिग्नल," ती म्हणाली.

घरात त्या हाताला नाव होतं, आणि ते फार वर्षांपासून होतं. आज सिग्नल कसा होता, असं बापलेक एकमेकांना विचारायचे म्हणे. बाईंनी भाजीचा चमचा खाली ठेवला आणि विचारलं की मग मला आजवर कुणी सांगितलं का नाही. नवऱ्याने मुलीकडे पाहिलं, मुलीने बापाकडे.

"सांगायला गेलो की लाल व्हायचा ना," नवरा म्हणाला. तेव्हा बाईही हसल्या, पण नंतर भांडी आवरताना त्यांचं लक्ष डाव्या हाताकडेच जात होतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात त्या औषधांच्या खोलीत गेल्या. सिस्टर तिथे एकट्याच कपाटात सलाइनच्या बाटल्या लावत होत्या. वयाने त्या बाईंच्याच बरोबरीच्या. पूर्वी इथेच काम करत होत्या. मग मुलं झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि घर सोडून बाहेर पडायला फुरसत मिळाली तोवर केस पिकायला लागले होते. परत रुजू झाल्या तेव्हा एकूणएक यंत्रं बदललेली. ज्या पोरी त्यांच्यानंतर लागल्या होत्या त्यांच्याकडून त्या आता बटणं शिकत होत्या, आणि प्रत्येक गोष्टीला आधी 'माझं चुकत असेल, पण' असं म्हणायची सवय त्यांना लागली होती. फौजदार एकट्या आपल्या खोलीत आलेल्या पाहून त्यांनी हातातली बाटली छातीशी धरली.

बाईंनी चित्रीकरण पाहिल्याचं सांगितलं. विचारलं, "तुम्ही पुढे आला होतात. काय म्हणणार होतात?"

"काही नाही, मॅडम. किरकोळ होतं."

बाईंच्या तोंडात पुढचा प्रश्न तयार होता. तो त्यांनी गिळला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत त्या समोरच्या कपाटावरची तारीख वाचत राहिल्या. सिस्टरनी बाटली फळीवर ठेवली, तिचं लेबल पुढच्या बाजूला वळवलं, मग बोलल्या.

"मामांचा एक हात टेबलावरून खाली लोंबत होता. खऱ्या रोग्याचा असता तर खांद्याची नस ताणली असती. तेवढा वर घेऊ का, असं विचारणार होते."

"आणि दहा?"

"दहा जास्त आहे हे कळलं होतं मला. सगळ्यांनाच कळलं होतं." सिस्टर खाली बघत म्हणाल्या. "पण हात वर घेऊ का, हेच बोलता आलं नाही, मॅडम. मग दहाचं कुठून बोलणार?"

एवढं बोलून त्यांना बहुधा जास्त बोललो असं वाटलं, कारण त्या लगबगीने उरलेल्या बाटल्या लावायला लागल्या. बाई परत शस्त्रक्रियागृहात आल्या. पुढचा रोगी खरा होता, साठीचा, भेदरलेला, आणि त्याने बाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्याला धीर देताना बाईंना भीती वाटली. आजवर त्यांनी कधी दहा म्हटलं नव्हतं. पण झोप कमी पडते, हल्ली बारीक अक्षर दूर धरावं लागतं, आणि माणूस आहे म्हटल्यावर एखाद्या दिवशी एकच्या जागी दहा तोंडातून जाऊ शकतं. त्या दिवशी या खोलीत चार माणसं असतील, चौघांना ते कळेल, आणि चौघं मिळून सिरिंज भरून त्यांच्या हातावर ठेवतील. परीक्षेत नापास होण्याची नामुष्की त्यापुढे काहीच नव्हती.

मग त्यांनी तो हात आवरायला घेतला. बोलणं सोपं असतं. काही दिवस त्या डावा हात अंगरख्याच्या खिशात घालून फिरल्या, तर मॅडमचा हात मोडलाय अशी आवई उठली आणि भांडारातल्या बाईंनी त्यांना एक मलम आणून दिलं. हात आवरला तर भुवई वर जायची. भुवई सांभाळली तर 'हं, हं, कळलं' असं तोंडातून निघायचं. अंगात फौजदार किती ठिकाणी लपून बसलाय, हे त्यांना रोज नव्याने सापडत होतं. केंद्रात मात्र त्या आता पुढच्या रांगेत बसून मास्तरांची चर्चा बघू लागल्या. मास्तर काय विचारतात याकडे त्यांचं फार लक्ष नव्हतं. विचारून झाल्यावर ते काय करतात हे त्या बघत होत्या. मास्तर काहीही करत नसत. गुडघ्यावर हात ठेवून ते वाट पाहत, आणि घरी आलेला एखादा पाहुणा आत कपडे बदलायला गेला असावा इतक्या सहजपणे पाहत.

वर्षअखेरीच्या परीक्षेला बाईंनी दहा हा आकडाच काढून टाकला. नव्या प्रसंगात वरिष्ठाचं काम दुसऱ्या एका फेलोला दिलं आणि स्वतः काचेमागे बसल्या. चर्चेला तुकडी बसली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की आत उभं असताना तुम्हाला काय काय दिसलं. कुणी बोललं नाही. बाईंनी जिभेचं टोक दाताखाली धरलं. एक खुर्ची कुरकुरली, कुणीतरी खोकलं, बाहेरच्या बोळातून ट्रॉली जाण्याचा आवाज आला आणि विरला. मग एक ब्रदर म्हणाले की मला आधी दिसलं होतं पण मला वाटलं दुसरं कुणी बोलेल, आणि शेजारची सिस्टर म्हणाली की मला वाटलं तुम्ही बोलाल, आणि त्या दोघांचं जे जुंपलं त्यात पुढचा सगळा वेळ बाईंना तोंड उघडायची गरजच पडली नाही. शेवटी मास्तरांनी विचारलं की कसं झालं असं वाटतंय. बाई म्हणाल्या की माझी जीभ दुखतेय. मास्तर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. बाई पास झाल्या. प्रमाणपत्र नवऱ्याने हौसेने चौकटीत घालून आणलं, मुलीने शेजारी लाल दिव्याचं एक चित्र चिकटवलं, आणि ते तिथेच राहिलं.

खरी गोष्ट यानंतरची आहे, आणि तिला मास्तर हजर नव्हते.

सकाळची पहिली शस्त्रक्रिया संपत आली होती. शल्यविशारद हातमोजे काढत होते. पोटाचे स्नायू सैल राहावेत म्हणून रोग्याला औषध दिलेलं होतं. आता ते उतरवणारं दुसरं औषध दिलं की त्याचे स्नायू कामाला लागणार, तो स्वतः श्वास घेणार आणि जागा होणार. बाईंनी ते औषध स्वतः भरलं होतं, सिरिंजवर चिठ्ठी स्वतः लावली होती. त्यांनी सिरिंज नळीला जोडली.

"मॅडम, थांबा."

आवाज सिस्टरांचा होता. तो इतका बारीक होता की त्यांनाच तो मोठा वाटला असावा, कारण त्या दचकल्या. पण मागे गेल्या नाहीत. "ते सैल करायचंच औषध आहे, मॅडम. उतरवायचं नाही ते."

बाईंना पक्कं माहीत होतं की औषध बरोबर आहे. आपल्या डोळ्यांनी वाचून भरलं होतं.

"वा," शल्यविशारद म्हणाले. "बाईंना औषधं शिकवायची तेवढी राहिली होती." त्यांचा कनिष्ठ डॉक्टर हसला.

बाईंना राग आला. खोटं कशाला सांगायचं, चांगला सणसणीत आला. आपण बरोबर असताना भर खोलीत कुणी अडवावं, तेही इतक्या माणसांसमोर, हे त्यांना वीस वर्षांत माहीत नव्हतं. जित्याची खोड म्हणतात ती खोटी नाही. डावा हात छातीपर्यंत वर आलाही होता. तो बाईंनी पाहिला. पडद्यावर पाहिला होता अगदी तसाच, पंजा उभा होऊ घातलेला. वर आलेल्या हाताचं काहीतरी करायला हवं होतं, म्हणून त्याच हाताने त्यांनी ट्रेमधली औषधाची रिकामी कुपी उचलली आणि सिस्टरांच्या समोर दिव्याकडे धरली.

"दोघी वाचू," त्या म्हणाल्या.

सिस्टर पुढे वाकल्या. त्यांना वाचता येईना. त्यांनी चष्मा काढला, डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांची मान लाल होत गेली.

"बरोबर आहे, मॅडम. माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. माझं चुकलं."

चूक धडधडीत होती. त्यात काही छुपा धोका नव्हता, काही गहन कारण नव्हतं. वाफ होती. कनिष्ठ डॉक्टरने शल्यविशारदांकडे बघितलं, आणि सगळी खोली आता फौजदार काय करतात याची वाट बघायला लागली. बाईंना ते दिसलं. आज या सिस्टरांचं जे होईल, ते बघून या खोलीतली सगळी माणसं पुढची दहा वर्षं तोंड उघडायचं की नाही हे ठरवणार होती.

"औषध बरोबर होतं," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "शंका आली तेव्हा सिस्टरनी थांबवलं, तेही बरोबर होतं." मग शल्यविशारदांकडे वळून म्हणाल्या, "तुमचं अर्धं मिनिट गेलं, सर. ते माझ्या खात्यावर मांडा."

त्यांनी औषध दिलं. थोड्या वेळाने रोगी खोकला, त्याने डोळे उघडले आणि झालं का, असं विचारलं. त्याला बाहेर नेलं, फरशी पुसली, दुसरा रोगी आला.

आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेत सिस्टर एक अक्षर बोलल्या नाहीत. मागितलेलं अचूक देत होत्या, मान खाली. बाईंच्या लक्षात आलं की चारचौघांत केलेल्या कौतुकाने लाज गेलेली नाही, उलट थोडी वाढलीच आहे. चहाच्या सुट्टीत त्या सिस्टरांच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. चुकीच्या इशाऱ्याचं मोल यावर तर त्या सबंध तासभर बोलू शकल्या असत्या, ओठांवर वाक्यं तयार होती. चहाचा घोट घेऊन त्यांनी ती सगळी पोटात ढकलली. सिस्टर कपातल्या चहाकडे बघत होत्या.

बाईंनी खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढली. एक वीतभर पट्टी दातांनी तोडून त्यांनी सिस्टरांपुढे धरली.

"मास्कच्या वरच्या कडेला लावा, नाकावरून आडवी," त्या म्हणाल्या. "मग वाफ वर येत नाही. मीही लावते."

सिस्टरनी पट्टी घेतली. ती बोटाला चिकटली, ती सोडवताना थोडी दुमडली.

"तुमच्याही चष्म्यावर धरते?"

"मला तर धुक्यातून गाडी हाकल्यासारखं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, दोन चष्मे असलेले बरे."

सिस्टर हसल्या की नाही, ते मास्क हनुवटीवर असूनही नीट कळलं नाही. त्यांनी कप विसळून ठेवला आणि आरशासमोर उभं राहून पट्टी नीट बसवली, एकदा काढून पुन्हा बसवली.

तिसरा रोगी टेबलावर आला. तरुण माणूस होता, शस्त्रक्रिया साधीच होती. शल्यविशारद हात धुऊन तयार होते आणि घड्याळाकडे बघत होते. बाईंनी त्याला दोन गोष्टी विचारून हसवलं, सिरिंज उचलली, नळीकडे नेली.

ट्रॉलीपाशी सिस्टरनी चष्मा काढला. अंगरख्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि टेबलाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग त्या अर्धं पाऊल पुढे आल्या.

"मॅडम, एक मिनिट."

शल्यविशारदांनी वर पाहिलं, पण ते काही बोलले नाहीत. बाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि सबंध वळून सिस्टरांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सिस्टरांना शब्द जुळवायला थोडा वेळ लागत होता. बाई थांबल्या.